स्वतःच लिहून आणलेला पास

मसाटच्या त्या धाग्याच्या कारखान्यात शैलजाताईंना नोकरी लागून अकरा वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज नीट ऐकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. फोनवर बोलायला लागल्या की पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राही. प्रशासन बघणारे गायधनी साहेब नाशिकचे, मोठ्या गळ्याचे. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "शैलजाबाई, देवाशी बोलता त्याच आवाजात माझ्याशी बोलत जाऊ नका. त्याला ऐकू येतं, मला येत नाही."

ताई हसल्या होत्या. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यांचे नेम मात्र पक्के. सकाळी तुळशीला पाणी, देवापाशी दिवा, आणि मग लाल रेघांच्या वहीत नामजप लिहायचा. रोज एकशेआठ ओळी. खाडाखोड झाली की ती ओळ मोजायची नाही, पुन्हा लिहायची. घरी सगळ्या झाल्या नाहीत तर उरलेल्या जेवणाच्या सुट्टीत, वही पिशवीतच असायची. चातुर्मासात त्यात आणखी एका नेमाची भर पडे. जेवताना बोलायचं नाही. समोर प्रत्यक्ष मालक येऊन उभा राहिला तरी शेवटचा घास संपून हात धुतल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही.

लिहून लिहून त्यांच्या हाताला चूक करायची सवयच राहिली नव्हती. म्हणूनच तर कामगारांच्या गटविम्याचं काम त्यांच्याकडे आलं. तीनशे बारा माणसं. प्रत्येकाचं नाव, आधारचा नंबर, पासबुकाची प्रत, अंगठा. हे सगळं विमा कंपनीच्या साइटवर चढवायचं. लॉगिन एकट्या शैलजाताईंच्या नावावर होतं. पासवर्ड त्यांच्या डोक्यात, आणि नियम म्हणून एका सीलबंद पाकिटात, गायधनी साहेबांच्या कपाटात.

या कामाचं शिक्षण दीड वर्षापूर्वी वापीला झालं होतं. शिकवणारी मुलगी घाईत होती आणि चाळीस जणांतले पस्तीस जण मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. शेवटी ती म्हणाली, "पत्त्याच्या शेजारी कुलूप दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. त्यावर क्लिक करा, सर्टिफिकेट उघडा. ते कुणाच्या नावावर आहे, कुणी दिलंय, कधीपर्यंत आहे ते बघा. आणि खाली फिंगरप्रिंट असतो, बत्तीस जोड्यांचा. माणसाच्या अंगठ्यासारखाच. दोन सर्टिफिकेटांचा एक असूच शकत नाही."

चाळीस जणांत ते लिहून घेतलं एकट्या शैलजाताईंनी. जपाच्या वहीच्या मागच्या पानावर. तेव्हापासून दर महिन्याला यादी चढवायच्या आधी त्या सर्टिफिकेट उघडत, वही समोर धरत आणि बत्तीस जोड्यांवरून बोट फिरवत. वर्षातून एकदा सर्टिफिकेट बदलायचं. मग त्या नवं आधी घरच्या नेटवर बघून खात्री करून घेत आणि तारीख घालून उतरवून ठेवत.

शेजारच्या टेबलावरची तन्वी वलसाडला शिकलेली, तिच्या एका वाक्यात तीन भाषा. ती म्हणायची, "ताई, आता वेबसाइटची पण पूजा? नैवेद्य शुं धरायचा हिला?"

"हिला नुसतं बघितलं तरी पुरतं ग," ताई म्हणायच्या.

बाकी ऑफिसची तऱ्हा निराळी होती. हजेरीच्या मशीनचा जो कॉम्प्युटर कारखान्यातच होता, त्याचं पान उघडलं की दरवेळी लाल इशारा यायचा. हे कनेक्शन सुरक्षित नाही, म्हणून. मशीन बसवणाऱ्याने सांगितलं होतं, ते आपलं घरचंच आहे, काळजी करू नका. गायधनी साहेबांनी प्रत्येक मॉनिटरच्या कडेला प्लास्टिकमध्ये घातलेली एक पट्टीच चिकटवून घेतली होती, 'लाल पान आल्यास आधी अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, मग प्रोसीड दाबा.' पाच वर्षं लोक दाबत आले होते. आता लाल पान दिसलं की डोकं विचारात पडायच्या आत बोट पुढे गेलेलं असायचं.

दिवाळीनंतर कारखाना लाभपाचमेला उघडला. त्या मुहूर्तावर काहीतरी नवं व्हायलाच हवं, अशी मालकांची श्रद्धा. नवं यंत्र यायला उशीर होता, म्हणून गायधनी साहेबांनी आदल्या दिवशी जवळच्या सायली गावातल्या एका बंद पडलेल्या युनिटमधून एक राउटर उचलून आणला. मोठा, चार अँटेनांचा. त्यावर कुंकवाचा स्वस्तिक काढला, पेढा ठेवला, आणि मुहूर्ताला, अकरा वाजून सात मिनिटांनी, मालकांनी बटण दाबलं. आतल्या जुन्या सेटिंग कुणी पुसल्या नाहीत, पासवर्ड कुणी बदलला नाही. मुहूर्त टळला असता ना!

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध अष्टमीला, गटविमा नवा करायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचपर्यंत यादी चढली नाही तर रात्री बाराला जुना विमा संपणार होता.

सकाळी पॅकिंगमधली ममता कागद घेऊन आली. ममता किलवणी गावची. पित्ताशयातल्या खड्यांनी बेजार झालेली. शनिवारी तिचं ऑपरेशन ठरलं होतं आणि हॉस्पिटलने नव्या विम्याचं कार्ड मागितलं होतं.

"ताई, हे आधार, हे पासबुक. दुसऱ्या कोणाकडे नाही दिलं. तुमच्याच हातात देते हां," ती म्हणाली.

"पाचच्या आत होईल बघ. तू जड खोके उचलू नकोस आज."

अकरा वाजता ताईंनी साइटचा पत्ता टाकला. आणि लाल पान आलं.

हजेरीच्या मशीनचं पान येतं तस्संच. पण ही काही हजेरीची साइट नव्हती. ताईंनी पत्ता पुन्हा वाचला, अक्षर अन् अक्षर. पत्ता बरोबर. मग त्यांनी लाल त्रिकोणावर क्लिक केलं आणि सर्टिफिकेट उघडलं.

कुणाच्या नावे? विमा कंपनीच्याच. कुणी दिलं? तेच नाव. म्हणजे ज्याचं सर्टिफिकेट, त्यानेच ते स्वतःला दिलेलं. कधीपासून? परवापासून. वहीचं मागचं पान काढून त्यांनी बोट ठेवलं. पहिल्याच जोडीला बोट अडलं. दुसरीही वेगळी. तिसरीही. या नव्या बत्तीस जोड्याही त्यांनी खाली उतरवून घेतल्या.

त्यांनी फोनचं वायफाय बंद केलं, स्वतःच्या नेटवर तीच साइट उघडली. लाल पान नाही. सर्टिफिकेट जुनंच, ज्येष्ठात दिलेलं, पुढच्या वैशाखापर्यंत चालणारं.

"तन्वी, जरा वाच ना यावरचं. मी वहीत बघते."

तन्वीने फोन हातात घेतला. "थ्री एफ... नाइन ए... झीरो सेव्हन... सी टू..." बत्तिसाव्या जोडीपर्यंत ताईंचं बोट कुठेही अडलं नाही. तन्वीची थट्टा मात्र दहाव्या जोडीशी थांबली होती.

"म्हणजे ताई... फोनवर खरी साइट, आणि आपल्या कॉम्प्युटरवर?"

"पत्ता तोच. पण दारात दुसराच कुणीतरी उभा आहे."

त्या गायधनी साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, म्हणजे मधेमधे फोन घेत घेत.

"तारीख मागे गेली असेल तुमच्या कॉम्प्युटरची. सेल बदला."

"तारीख बघितली, साहेब. आजचीच आहे. अष्टमी."

"मग त्यांनी नवीन सर्टिफिकेट घेतलं असेल."

"मग ते फोनवरही नवीन दिसायला हवं होतं. तिथे जुनंच आहे. वहीशी जुळतंय."

"वही!" साहेब खुर्चीत मागे रेलले. "कुठली वही? देवाची?"

"हो."

"शैलजाबाई, मॉनिटरवर पट्टी लावलीय ना? वाचता येते ना? अ‍ॅडव्हान्स्ड, प्रोसीड. पाच वर्षं सगळे तेच करतात."

"ते आपल्या मशीनचं पान, साहेब. हे परक्याचं आहे. मला वाटतं नव्या राउटरमध्ये काहीतरी आहे. मी माझ्या फोनच्या नेटवरून यादी चढवते, अर्ध्या तासात होईल."

राउटर म्हटल्याबरोबर साहेबांचा चेहरा बदलला. "लाभपाचमेच्या मुहूर्तावर बसवलाय तो. शेठनी स्वतः बटण दाबलंय. त्यात खोट?"

"मुहूर्त चांगलाच होता," ताई हळूच म्हणाल्या. "राउटर कुणाचा होता ते माहीत नाही."

"खासगी नेटवरून कंपनीचं काम करायचं नाही, हे सर्क्युलर कुणाच्या सहीचं आहे? माझ्या! ते मी तुमच्यासाठी मोडायचं? जा, यादी चढवा. ऑफिसच्या लाइनवरून. आणि जरा मोठ्याने बोलायला शिका, निम्मं मला कळतच नाही."

ताई जागेवर येऊन बसल्या. लाल पान समोर तसंच होतं. त्यावर प्रोसीड दाबणं दोन क्षणांचं काम. पण दाबलं, पासवर्ड टाकला, की त्या दारात उभ्या असलेल्याच्या हातात किल्ली गेली. आणि त्या किल्लीने उघडणार काय, तर तीनशे बारा माणसांचे अंगठे. दुसऱ्या कोणाकडे नाही दिलं, असं सांगून दिलेले. बरं, नाही दाबलं आणि पाच वाजून गेले, तर शनिवारी ममताने हॉस्पिटलच्या खिडकीशी काय सांगायचं? माझ्या ताईला लाल पान दिसलं म्हणून?

दोन्ही होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांचं ठरलं. कसं, ते ठरलं नव्हतं. त्यांनी विमा कंपनीला फोन लावला, चार वेळा. पलीकडून गाणं वाजत राहिलं.

दीड वाजला. कॉम्प्युटर सोडून कॅन्टीनला जायला मन होईना, म्हणून त्यांनी डबा टेबलावरच उघडला. भाकरी, वालाची उसळ, चिमूटभर मीठ. डोळे मिटून हात जोडले. पहिला घास घेतला आणि मौन सुरू झालं.

तिसऱ्या घासाला गायधनी साहेब आले. हातात ते सीलबंद पाकीट होतं, फोडलेलं.

"झाली का यादी?"

ताईंनी मान हलवली. नाही.

"मला वाटलंच. सरका." त्यांनी तन्वीची रिकामी खुर्ची ओढली आणि कीबोर्ड स्वतःकडे घेतला. "एवढ्या तेवढ्यासाठी माणसाने स्वतः यायचं! बघा, शिका. अ‍ॅडव्हान्स्ड. प्रोसीड. झालं? आलं की नाही पान? कुठे आहे तुमचा चोर?"

लॉगिनचं पान उघडलं होतं. हुबेहूब तेच, निळ्या पट्टीचं. पाणी भरायला गेलेली तन्वी बाटली घेऊन दारातच थबकली.

ताईंनी डावा हात वर केला. थांबा.

"काय? बोला ना! तोंड आहे ना?" साहेबांनी युजरचं नाव टाकलं. "ओ तन्वी, आज काय संप आहे का यांचा?"

"सर, त्या जेवताना बोलत नाहीत. चातुर्मास... सर, प्लीज, दोन मिनिट रुको ना."

"मी इथे रुकायला नाही बसलो." पाकिटातली चिठ्ठी डाव्या हाताला धरून ते एका बोटाने पासवर्ड टाकायला लागले. एक ठिपका. दोन. पाच. आठ.

ताईंचा उजवा हात उष्टा होता. त्या किंचित कलल्या, डाव्या हाताने कॉम्प्युटरच्या पाठीमागे चाचपलं, निळ्या तारेच्या टोकाची चिमटी दाबली आणि तार उपसून काढली.

साहेबांचं बोट एंटरवर आपटलं. पडद्यावर चक्र फिरलं, फिरलं, आणि 'इंटरनेट नाही' असं आलं.

"तार काढली तुम्ही?"

ताईंनी तारेचं वेटोळं केलं, मांडीवर ठेवलं आणि पुढचा घास घेतला.

"शैलजाबाई, मी काय विचारतोय! तार लावा!"

भाकरीचा चतकोर उरला होता. ताईंनी तो घाईत संपवला नाही आणि मुद्दाम रेंगाळतही खाल्ला नाही. रोज जशा खायच्या तसाच खाल्ला. साहेब तोवर पुष्कळ बोलले. शिस्त, वय, नोकरी, देवधर्म घरी ठेवणं. त्यांच्या आवाजाने हिशेबनीस केबिनमधून डोकावले आणि परत आत गेले. ताईंनी डबा झाकला. तार हातात घेऊनच उठल्या, बेसिनला हात धुतले, चूळ भरली, पदराला हात पुसले आणि परत येऊन उभ्या राहिल्या.

"आता बोलते," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. पण ऐकायला साहेबांना गप्प बसावं लागलं. "गेटवर पासाशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, हा नियम तुमचा ना, साहेब?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"उद्या एखादा माणूस गेटवर आला. पासावर नाव बरोबर आहे. कुणी दिला पास म्हणून बघितलं, तर सही त्याचीच. परवाच घरी बसून स्वतःच लिहून आणलेला. वॉचमनने काय करायचं?"

साहेबांनी हातातली चिठ्ठी पाकिटात सरकवली.

"तुम्ही त्या वॉचमनला नोकरीवरून काढाल. आणि मला मात्र आत सोडा म्हणता." त्यांनी वही आणि फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा खऱ्याचा अंगठा, हा वहीतला. जुळवून बघा. बत्तीस जोड्या आहेत, पाच मिनिटं लागतील. जुळल्या नाहीत तर मी तार लावते आणि तुमची माफी मागते."

"मला तेवढा वेळ नाही."

"मला आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी फोनची चार्जरची तार कॉम्प्युटरला जोडली, फोनचं नेट चालू केलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"हे माझ्या सर्क्युलरच्या विरुद्ध आहे. मेमो देईन."

"द्या. दोन प्रती द्या, एकीवर पोच लागते."

"शैलजाबाई, मी थट्टा करत नाही."

"मीही नाही, साहेब."

साहेब पाय आपटत गेले. तन्वीने खुर्ची जागेवर आणली आणि हळूच विचारलं, "ताई, डर नाही वाटत?"

"वाटतं ना. म्हणून तू वाच. मी जुळवते. पुन्हा पहिल्यापासून."

सर्टिफिकेट उघडलं. या वेळी दुसऱ्या कुणीतरी दिलेलं, ज्येष्ठातलं. थ्री एफ, नाइन ए, झीरो सेव्हन. बत्तीसच्या बत्तीस जोड्या जुळल्या. मगच ताईंनी पासवर्ड टाकला, आणि आत गेल्यावर पहिलं काम केलं ते तो बदलायचं. पाकीट फोडलेलं होतं, आता त्या पासवर्डाला अर्थ नव्हता. मग यादी. फोनचं नेट सावकाश चालत होतं. शंभर नावं, दीडशे, दोनशे चाळीस. ममताचं नाव दोनशे सत्तेचाळीसावं. ते चढताना ताईंनी तिचा आधार नंबर दोनदा वाचला. तीन वाजून दहा मिनिटांनी पोच आली. तीनशे बारा.

चार वाजता मेमो आला, दोन प्रतींत. वरिष्ठांच्या आदेशाचा भंग केला. खासगी इंटरनेट वापरलं. कंपनीच्या उपकरणाची तार काढली. खुलासा द्यावा.

ताईंनी पोचेची सही केली आणि तिथेच खाली खुलासा लिहायला घेतला. जपाच्या ओळी लिहितात तसा, एकसारख्या अक्षरात. 'तिन्ही गोष्टी मी केल्या आहेत. ऑफिसच्या लाइनवर दिसलेल्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट आणि खऱ्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट खाली देत आहे. कुणीही जुळवून पाहावे.' मग बत्तीस जोड्या, आणि त्याखाली दुसऱ्या बत्तीस. एकही खाडाखोड नाही. शेवटी लिहिलं, 'लाल पान पुन्हा आले तर मी पुन्हा तार काढीन.'

पाचला दहा कमी असताना गायधनी साहेब तो कागद घेऊन आले. आवाज या वेळी खाली होता. आजूबाजूला कुणी नाही ना, हे त्यांनी आधी बघितलं.

"हे फाइलला लागलं तर शेठपर्यंत जाईल. तुमचं नाव खराब होईल, माझंही. एक काम करा. खुलासा फाडून टाकू. त्याजागी एक ओळ लिहा, 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे.' मी मेमो मागे घेतो. विषय संपला."

"राउटर?"

"तो बघू नंतर. सावकाश."

शैलजाताईंनी वही पुढे ओढली. आजच्या एकतीस ओळी अजून राहिल्या होत्या.

"साहेब, मी रोज एकशेआठ ओळी लिहिते. आणखी एक लिहायला काही हात दुखत नाही. पण ती ओळ खरी नाही. मी दिलगीर नाही."

"हट्ट आहे हा."

"असेल. पण कागद फाइललाच लावा. शेठनी वाचला तर बरंच होईल."

कागदावरच्या त्या दोन बत्तिशा साहेबांनी वरवर बघितल्या, पहिल्या जोडीशी पहिली जोडी ताडून बघावी तसे डोळे खालीवर झाले. मग म्हणाले, "ती तार तरी द्या. उद्या काम करायचंय लोकांना."

पाळी सुटल्याचा भोंगा झाला होता. ममता दारात आली, पाय बाहेरच ठेवून वाकली. "ताई, झालं का?"

"झालं. कार्ड उद्या छापून देते. शनिवारी उपाशी जा, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"हो. तुम्हाला तर सवय उपासाची, मला नाही जमत," ममता हसली आणि गेली.

ताईंनी नखाने मॉनिटरच्या कडेची पट्टी उचलली. पाच वर्षांचा गोंद होता, सहज निघेना. अर्धी फाटली, अर्धी निघाली. दोन्ही तुकडे त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकले. निळी तार टेबलाच्या खणात ठेवली, खण लावला, किल्ली फिरवली आणि कमरेच्या बटव्यात टाकली.

"आधी राउटर बदला, साहेब. मग देते," त्या म्हणाल्या, आणि अठ्ठ्याहत्तरावी ओळ लिहायला बसल्या.